पान दोनशे अकरा

विभागप्रमुखांनी बारा तासांचे दोन केले.
म्हणाले, स्टेनवोर, शोधायला कुणाला शिकवावं लागतं आता?
मी हो म्हटलं.
भांडण पुढच्या बजेटसाठी राखून ठेवलं.

आकुरेरीत जानेवारी. चारलाच खिडकीत
बाहेरचं काही नाही, माझाच चेहरा.
खाली चौकातला लाल दिवा (इथे तो बदामाच्या आकाराचा असतो)
रिकाम्या रस्त्याला थांबवून धरतो.
मी गेल्या वर्षीच्या स्लाइड उघडते.
सदतिसावी: लेखक कोण? तारीख काय? संस्था कोणती?
प्रश्नापुढे चौकोन, चौकोनात बरोबरची खूण.
सगळ्यांनी खुणा केल्या. सगळे पास झाले.

त्यातलाच ईस्लेवुर,
मत्स्यशास्त्र, दुसरं वर्ष,
एप्रिलात काउंटरवर आला, अंगाला डिझेलचा वास.
कॅपेलिन माशांवरचा एक लेख हवा होता.
लेखक दोन, खंड चव्वेचाळीस,
पान दोनशे अकरा ते दोनशे एकोणतीस.
"मागवून द्याल का?"

तीन दिवस शोधला मी.
बेर्गेनला पत्र, कीलला पत्र.
नियतकालिक खरं होतं. खंड होता.
दोघांतला एक लेखक होताही,
पण तो शेवाळावर लिहायचा.
शेवटी तळघरातून बांधीव अंक काढला.
दोनशे अकरावर एका निवृत्त प्राध्यापकाचा मृत्युलेख,
फोटोत तो हसत होता.

"कुठून मिळालं तुला हे?"
"विचारलं," तो म्हणाला. "त्याने सांगितलं."
त्याने म्हणजे कुणी, ते विचारायची गरज नव्हती.
खोट्याला इतकी कडक इस्त्री मी कधी पाहिली नव्हती.
आणि खरं सांगते, तीनातले अडीच दिवस
मला माझ्याच कॅटलॉगची शंका येत होती.

तर या वेळी सुरुवात कुठून?

पोहायच्या तलावाशेजारी गरम पाण्याचा हौद,
आम्ही गळ्यापर्यंत आत, केसांवर बर्फ.
म्हातारा आर्नग्रीमुर प्रत्येक नव्या माणसाला विचारतो
तेच, जे त्याचा बाप विचारायचा:
कुणाचा रे तू?
बोट विकल्याची बातमी असो की लग्न मोडल्याची,
हौदातल्या बाया आधी तिचा आगापीछा काढतात.
सांगोवांगीला तिथे कुणी टॉवेलसुद्धा देत नाही.
मला वाटलं, सापडलं! हाच पहिला तास.
वाक्य समोर आलं की विचारा त्याला,
कुणाचं रे तू?

सोमवारी सहा जणांपुढे मांडून पाहिलं.
पाच हसले, माना डोलावल्या.
ब्रॉनिस्लावा हसली नाही.
पहाटे ती मासे कापायच्या कारखान्यात असते, दहाला वर्गात.
म्हणाली, हा प्रश्न मला चार वर्षं विचारतायत.
मी वडिलांचं नाव सांगते. कुणी ओळखत नाही.
मग मी जे बोलते
त्याचं काय करता तुम्ही?

ओळ खोडली. परत लिहिली. परत खोडली.
खाली तो बदाम शंभरदा विझला, शंभरदा पेटला.

आता आराखडा असा.
पहिला तास: ईस्लेवुरचा लेख शोधा.
(त्याची परवानगी घेतली. नाव बदलू नका, म्हणाला.)
तो लेख नाहीच, हे मी सांगणार नाही.
तासभर फिरू देत तळघरात.
'नाही' एवढं म्हणायला
किती पायऱ्या उतराव्या लागतात
ते त्यांच्या पोटऱ्यांना कळू दे.

दुसरा तास ब्रॉनिस्लावाचा.
तो अजून कोरा आहे.
वर पाठवलेल्या तक्त्यात त्या रकान्यात
मी नुसतं 'चर्चा' लिहिलं.
विभागप्रमुखांनी आज सकाळी सही केली,
कसलीही शहानिशा न करता.